सासूबाईंचा जुना माल

मास्तर गाडी चालवायला शिकवत, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारत. घरी त्यांच्यावर ब्रेक मारायला सासूबाई होत्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी आपली एक किडनी या जावयाला दिली आणि तेव्हापासून त्याच्या ताटावर डोळा ठेवला. लोणी दिसलं की बशी उचललीच! पण मास्तरही वस्ताद. पार्किंगचा सराव ते हटकून बेकरीसमोरच घेत. शिकणारा घामाघूम होऊन गाडी मागे-पुढे करी आणि मास्तर तेवढ्यात क्रीमरोल उरकून मिशा पुसत.

यंदाच्या तपासणीला मात्र ते घाबरतच आले होते. मागच्या खेपेला चांगलं कोलेस्टेरॉल फारच कमी निघालं होतं. आपल्या जिभेपायी या बाईची किडनी वाया गेली, तर तिला तोंड कसं दाखवायचं? त्यात सासूबाई आपलं जुन्या कपाटा-खुर्च्यांचं दुकान बंद करून सोबत आल्या होत्या.

"आकडा अजून कमीच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मास्तरांनी मान खाली घातली.

"पण आमच्या अभ्यासासाठी तुमचं जास्तीचं रक्त घेतलं होतं ना? चांगलं कोलेस्टेरॉल किती आहे यापेक्षा ते काम किती करतंय, हे त्यात बघतो. नको तिथे साठलेली चरबी ते उचलून नेतं. तुमचं झकास नेतंय."

"म्हणजे माणसं कमी, पण कामसू?"

"तसंच समजा. ज्यांचं हे काम चांगलं चालतं, त्यांची बसवलेली किडनी जास्त वर्षं टिकताना दिसते. हमी नाही देत हं मी. आणि ते क्रीमरोल बंद."

मास्तर दचकले. हिला कुणी सांगितलं? सासूबाईंकडे बघितलं, तर त्यांचे डोळे डबडबलेले.

"आई, काय झालं? चांगली बातमी आहे!"

"जावईबापू, साठीला टेकलेल्या बाईची किडनी ती. जुना माल तुमच्या गळ्यात मारला, असं वाटायचं मला. दुकानातली खुर्ची मोडली तर दुसरी देते मी गिऱ्हाइकाला. ही कुठून बदलून दिली असती?"

एवढी वर्षं मास्तरांना वाटत होतं, बाई आपल्यावर पहारा ठेवतेय. त्यांना हसू आलं, मग आतून भरून आलं. आणि एकदम काहीतरी सुचून ते सावरून बसले.

"आई, तुमचं रक्त शेवटचं कधी तपासलं?"

"मला काय धाड भरलीये?"

"कधी तपासलं?"

"ऑपरेशननंतर बोलावलं होतं की दोन-तीनदा. मग दुकानातून सवड कुठे मिळतेय!"

मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली. दिलेल्या किडनीची चौकशी सगळं घर करत होतं. हिच्याकडे उरलेल्या एकुलत्या एका किडनीचं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

ते उठले आणि सासूबाईंना आपल्या खुर्चीत बसवलं. "डॉक्टर, आता यांचं रक्त घ्या."

"अहो, नको! मला सुईची भीती वाटते!"

"किडनी काढून देताना नाही वाटली?"

"तेव्हा तुम्ही मरत होतात!" सासूबाई खेकसल्या.

मास्तरांनी आपला हात पुढे केला. सासूबाईंनी डोळे घट्ट मिटून तो धरला आणि सुई निघाल्यावरही बराच वेळ सोडला नाही.