आधीचं काही

बिभीषणने शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या पिशवीतलं केळं काढलं आणि सोलून खाऊ लागला.

"ग्वाड हाय," तो तिलाच म्हणाला.

साळूबाईने त्या बाईची माफी मागितली आणि नवऱ्याला ओढतच डॉक्टरांच्या खोलीत आणलं. मागून त्यांचा मुलगा कल्याण मान खाली घालून आला.

"चुलत्याच्या मयतीत अण्णांनी जेवाण कवा हाय म्हनून इचारलं, डॉक्टर," तो म्हणाला. "समद्यांफुडं."

"भूक लागली आसंल त्यांना," साळूबाई म्हणाली. गेलं वर्षभर ती असंच पांघरूण घालत आली होती.

डॉक्टरांनी तारीख विचारली, सरपंचाचं नाव विचारलं. बिभीषणने धडाधड सांगितलं.

"विसरत नाहीत, म्हणून मी उदासपणाच्या गोळ्या देत बसलो. चुकलंच माझं. साठीच्या आत माणसाचा स्वभाव असा पालटला, दुसऱ्याच्या दुःखाचं काही वाटेनासं झालं, की आठवण शाबूत असली तरी थांबू नये. मेंदूच्या पुढच्या भागाचा आजार असू शकतो. पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवतो. पण सुरुवात कधी झाली ते नीट सांगा, तिथं पहिलं तेच विचारतील."

"वरीस झालं आसंल," कल्याण म्हणाला.

"त्याच्या आधीचं काही? वाईटच असं नाही. त्यांच्या स्वभावात नव्हतं असं काहीही."

साळूबाईने नवऱ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून या माणसाने 'ऐकलं का' यापलीकडे तिला हाक मारली नव्हती. आणि दोन वर्षांपूर्वी संगमनेरच्या भर बाजारात त्याने "साळू!" म्हणून हाक मारली, सगळ्यांदेखत तिच्या केसांत गजरा माळला. ती लाजून चूर झाली. पुढे कितीतरी दिवस भाकरी थापताना एकटीच हसायची. उशिरा का होईना, आपल्याही वाट्याला सुख आलं, असं तिला वाटलं होतं.

सांगू नये, एवढं तरी आपलं राहू द्यावं, असं तिच्या मनात आलं. समोर बिभीषण बोटं चाटत होता.

"दोन वर्सं झाली," ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. कल्याण खिडकीबाहेर बघत राहिला.

"बहुधा तिथूनच," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

कुणी मुस्काटात मारावी तसं तिला झालं. तिची फसवणूक झाली होती, आणि भांडावं असं समोर कुणीच नव्हतं.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

"पुन्यात हे मलाच सांगावं लागंल," तिने विचारलं, "का तुमी लिवून देताय?"

"लिहून देतो."

"मंग लिवा समदं. मला परत न्हाई सांगता यायचं."