दोन आट्यांवर

पिकअपच्या मागच्या सीटखाली सात इंच जागा होती आणि सबवूफरच्या बॉक्सला आठ इंच हवे होते.

फिटर गाडीत आडवा पडून तिसऱ्यांदा टेप लावत होता. गाड्यांमध्ये साउंड बसवण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. दुकानाच्या एका अंगाला त्याचं बेंच होतं, दुसऱ्या अंगाला वहिनीचं शिलाईचं मशीन. ती सीट कव्हरं शिवायची. मोठा भाऊ लांब नोकरीला असल्यामुळे दुकान दीर-भावजयच चालवायचे.

"भावजी, तिसऱ्यांदा मोजलं म्हणून जागा वाढणार आहे का?" वहिनी मशीनवरून म्हणाली. "सीटच्या मागे उभा लावा की."

"मागे चार बोटंही जागा नाही, वहिनी. पाठीला भिंत लागलीय."

"मागे नकोच," गाडीचा मालक घाईने म्हणाला. रोपं विकायचा त्याचा धंदा. नखांत माती, अंगाने आडवा, बोलायला मऊ. "सीटखालीच पाहिजे." त्याने दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. आठ-नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या. तो तिला खारू म्हणायचा, खारीसारखी एका जागी ठरत नाही म्हणून. "तिला जन्मापासून ऐकू येत नाही. पण एकदा मित्राच्या गाडीत बसली, सीटखाली असाच डबा होता. उतरायलाच तयार होईना. कानाने नाही हो, तिला अंगाने ऐकू येतं."

फिटर बाहेर आला आणि त्याने गुडघे झाडले. "मग सीटच एक इंच वर घेऊ," तो म्हणाला.

कल्पना साधी होती. सीटच्या चारही पायांखाली इंचभर जाडीचे लोखंडी गोल ठोकळे द्यायचे. मात्र सीट वर गेली की जुने बोल्ट आखूड पडतात. खालच्या आट्यांत ते जेमतेम दोन फेरे धरतात. म्हणून त्याने हार्डवेअरच्या दुकानातून इंचाने लांब चार बोल्ट आणले आणि कागदाच्या पुडीतच बेंचवर ठेवले. बॉक्स आत सरकवला, वायरी ओढल्या, आणि सीट बॉक्सला घासते का हे बघण्यापुरती जुन्याच बोल्टवर टेकवली. काढायचीच होती.

तेवढ्यात खारू आत चढून बसली. तिला अडवायला तो पुढे झाला, पण बापाने गाणं लावलं होतं. ढोलासारखा खोल ठोका सीटखालून वर आला. मुलीने दोन्ही तळवे सीटवर टेकले, डोळे मिटले आणि ती अशी हसली की वहिनीचं मशीन थांबलं. रोपवाल्याने तोंड फिरवून डोळे पुसले. आवाज वाढला तेव्हा खारूने हात पुढे करून तळवा हवेत हळूहळू खाली दाबला.

"हळू, म्हणतेय," बाप हसत म्हणाला. "आमची खूण आहे."

वहिनीनेही तशीच खूण करून पाहिली. खारूने तिच्या बोटांना धरून ती नीट करून दाखवली. मग सगळेच बोलू लागले, हसू लागले. फिटरचं इतकं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. रोपवाल्याने त्याचे दोन्ही हात हातात घेतले, एक मोगऱ्याचं रोप दिलं आणि म्हणाला, "आता थेट डोंगर उतरून हिच्या आत्याकडे. तिला दाखवल्याशिवाय राहवणार नाही." आणि ते गेले.

फिटरने हात धुतले, पाणी प्यायलं, बेंच आवरायला घेतलं. पाने खिळ्याला टांगले. कागदाची पुडी उचलली. ती जड होती.

त्याने उघडून पाहिलं नाही. उघडायची गरजच नव्हती.

"वहिनी," तो म्हणाला. "सीट जुन्याच बोल्टवर गेली."

"म्हणजे?"

"दोन-दोन आट्यांवर. खाली तो सबवूफर धडधडतोय. त्या हादऱ्याने बोल्ट फिरत फिरत बाहेर येणार. ब्रेक जोरात लागला की सीट पोरीसकट पुढे."

त्याने फोन लावला. घंटा पूर्ण वाजून थांबली. पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजली. गाडीत गाणं चालू असणार. बापाला फोन ऐकूच येत नसणार. चौथ्यांदा लावेपर्यंत वहिनीने पुडी आणि पाने पिशवीत टाकले होते आणि स्कूटर रस्त्यावर काढली होती.

डोंगराचा रस्ता वळणावळणाचा, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. फिटरच्या डोक्यात एकच हिशोब फिरत होता: निघून पंचवीस मिनिटं झाली. जुना बोल्ट, दोन आटे, ठोक्यागणिक थोडं थोडं. पंचवीस मिनिटांत किती? त्याला मोजता येईना. सगळं आयुष्य मोजण्यात गेलं आणि आता मोजता येईना.

तिसऱ्या वळणावर गर्दी दिसली. गाड्या थांबलेल्या, माणसं रस्त्यावर. त्याला स्कूटर थांबवायचीही भीती वाटली. थांबलो तर बघावं लागेल.

"चला पुढे," वहिनी मागून म्हणाली. तिने त्याचा खांदा इतका घट्ट धरला होता की नखं रुतत होती. "मी बघते. तुम्ही समोर बघा."

कोणाच्या तरी टेम्पोतून टोमॅटोचे क्रेट पडले होते. रस्ताभर लाल चिखल, वाट आत्ता कुठे मोकळी होत होती; पिकअपही इथेच खोळंबली असणार. वहिनीने मोठा श्वास सोडला आणि तो त्याच्या मानेला लागला.

पाचव्या वळणानंतर पिकअप दिसली. मागे बुटकी रोपं डोलत होती. फिटरने हॉर्नवर अंगठा दाबून धरला. पिकअप तशीच पुढे. ठोका बाहेरपर्यंत येत होता, धम्, धम्, आणि त्याच्या आड हॉर्न विरून जात होता.

"पुढे काढा आणि आडवी घाला," वहिनी ओरडली.

त्याने वेग वाढवलाही. मग एकदम कमी केला. "नाही जमणार! मला समोर बघून तो करकचून ब्रेक मारेल. उतार आहे. नेमकं तेच नकोय!"

मागे राहावं तर ऐकू जात नाही, पुढे जावं तर आपणच तिचा जीव घेऊ.

तेवढ्यात मागच्या काचेत दोन वेण्या दिसल्या. खारूने पट्टा काढला होता आणि ती सीटवर गुडघे टेकून, मागे तोंड करून बसली होती. तिने या दोघांना ओळखलं. आनंदाने हात हलवला. ती डुलत होती, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि फिटरला दिसलं की ती एकटी डुलत नाहीये. सीटही तिच्याबरोबर डुलतेय.

"जवळ घ्या," वहिनी म्हणाली. तिचा आवाज एकाएकी शांत झाला होता.

ती मागच्या फूटरेस्टवर पाय रोवून अर्धवट उभी राहिली. एक हात दिराच्या खांद्यावर, दुसरा हात उंच. तळवा हवेत हळूहळू खाली दाबला. पुन्हा. पुन्हा. खारू हसली, तिनेही तशीच खूण केली. तिला खेळ वाटला. वहिनी हसली नाही. तिने बोट बापाच्या दिशेने केलं, मग परत तळवा खाली. हळू. बाबाला सांग. हळू.

मुलीचं हसू विझलं. ती क्षणभर वहिनीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ऐकू न येणारी माणसं चेहरे फार नीट वाचतात. मग ती वळली आणि काचेतून नाहीशी झाली.

फिटरला वाटलं, सीट गेली.

पण पिकअप हळूहळू मंदावली. ठोका बंद झाला. गाडी कडेला, खडीवर, अगदी अलगद थांबली.

रोपवाला उतरला तो हसतच. "अहो, तुम्ही? काय कमाल काम केलंत! पोरगी खुणेने म्हणते, बाबा, सीट नाचतेय! म्हणून मी आवाज आणखी वाढवला..."

फिटरने दार उघडलं, मुलीला उचलून वहिनीच्या हातात दिलं. मग सीटला एक बोट लावून ढकललं. ती हातभर पुढे आली. पुढच्या पायाचा एक बोल्ट गालिच्यावर लोळत पडला होता. उरलेले तिन्ही त्याने एकेक करून चिमटीत धरून नुसते उचलले.

रोपवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला. मग त्याने फिटरची कॉलर धरली. फिटरने हात वर केले नाहीत. किती वेळ गेला कोण जाणे. खारू बापाकडे बघत बोटांनी काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा. शेवटी त्याने कॉलर सोडली आणि तो रस्त्याकडेच्या दगडावर खाली बसला.

लांब बोल्ट आत गेले. फिटरने एकेक फेरा मोठ्याने मोजला. तरीही रोपवाल्याने मुलीला पुढे, स्वतःशेजारी बसवलं आणि माणूस चालतो त्या वेगाने गाडी नेली. आत्याच्या दारापर्यंत स्कूटर मागे होती. कोणी मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर फिटरने सीटला हात लावावा लागेल असं एकही काम घेतलं नाही. दिवसा स्पीकरच्या जाळ्या बसवायचा, आणि मधूनच हातातलं टाकून बेंचवर काही उरलंय का बघायचा. वहिनी एकदाच म्हणाली, "मलाही ती काच दिसते, भावजी. डोळे मिटले की."

बाराव्या दिवशी सकाळी दुकानासमोर पिकअप उभी राहिली. रोपवाला एकटाच आला होता.

"काढून टाकायला आलो होतो," तो म्हणाला. "पोरगी काढू देत नाही. दोन दिवस जेवली नाही. तेव्हा माझ्यासमोर सगळं उघडा, एकेक दाखवा आणि परत बसवा. मी टॉर्च धरतो."

फिटरने मान हलवली. त्याने पाने काढले.

रोपवाला त्याच्या शेजारी उकिडवा बसला. "मी बायकोला सांगितलं, चुकला खरा, पण मागे धावत आला. दुसरा कोणी आला नसता."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, दुसरा विसरलाही नसता."

वहिनीचं मशीन थांबलं.

"त्यांचं बरोबर आहे," फिटर म्हणाला. मग गाडीत आडवा झाला, आत सरकला आणि पहिल्या बोल्टला पाना लावला.