घरच्या-दारच्याची

आमच्या भातकुलीत उन्हाळा लागला की बाया मला विचारायच्या, माणिकबाई, कुरडया कधी? यंदा आमची सून करिश्मा, अकोल्याच्या जुन्या शहरातली, सोऱ्या घेऊन गच्चीवर बसली आणि शेजारची शकुन म्हणाली, "काय पांढऱ्याशिप्पट वं! सासूलेही मांगं टाकलं तुनं." माझ्यासमोर! वर ही पोरगी लाजून म्हणते, "आईनंच शिकवलं." भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गव्हाचा चीक शिजवायला अंगणातल्या चुलीवर आधण ठेवलं होतं. तिने मीठ टाकलं, मी डोळ्यांनी पाहिलं. मग तिचा फोन वाजला. परत येऊन विचारते, "आई, मीठ टाकलं काय मी?"

"मले काय माईत!"

तिने पुन्हा टाकलं. अख्खा घाणा खारट झाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलं गोड वाटलं.

पण या पोरीने माझ्या सुखाचीही माती केली. रडत बसली. "शकुनकाकूची नजर लागली, माही मतीच फिरली. आता त्यायले घरात येऊ देनार नाही. अन् मी कुरडया करनारच नाही. तुमीच उतरवा नजर." माझ्याकडूनच! काय म्हणावं या भोळेपणाला?

मीठ-मोहरी आणि मिरच्या मुठीत घेऊन मी तिच्यावरून ओवाळायला लागले. "आल्या-गेल्याची, पापी-चांडाळाची, शेजारणी-पाजारणीची, घरच्या..." आणि तोंडच बंद पडलं. जन्मभर हे म्हणत आले, पण घरच्याची म्हणजे कोणाची, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"म्हना ना, आई."

मूठ चुलीत फेकली. मिरच्यांचा असा ठसका उठला की दोघी खोकून बेजार. नजर असली की ठसका लागत नाही, हे तिलाही माहीत.

"म्हंजे नजर नव्हतीच?" डोळे पुसत ती म्हणाली.

मला माझाच असा संताप आला! "कायची नजर न् कायचं काय! मीठ तू टाकलं होतं. म्या पाह्यलं होतं."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"तुह्या कुरडया माह्याहून बऱ्या झाल्या म्हनून. जळली मी. शकुनले बोल लावू नको."

मी मिठाचा डबा तिच्यापुढे सरकवला. "उद्याचा घाणा तूच कर. पन मले इचारू नको. इचारलं तर पुन्हा तसंच सांगीन. माहा मलेच भरोसा नाही."

एरवी प्रत्येक गोष्टीला 'राहू द्या ना, आई' म्हणणारी ती. तिने डबा उचलला आणि काखेत मारून आत घेऊन गेली.