घेवड्याचं पाणी

विहिरीच्या काठावर म्हातारी अशी थुंकली, की पलीकडच्या कुत्र्यानंही तोंड वाकडं केलं. गाव तिला थुंकरीच म्हणायचं. बागाईतदारानं अष्टौप्रहर पंप लावून जमिनीतलं गोड पाणी ओढलं, तसा समुद्र मातीखालून सरपटत विहिरीत येऊन बसला. त्या पाण्यात साबणाला फेस येईना, चहातलं दूध कपात पडायच्या आत फाटे आणि डाळ शिजेस्तोवर शेजारच्या पोराला मिसरूड फुटे.

थुंकरीची हाडं तशी मुरलेली होती. पण सून पोटुशी होती. पायांची मुसळं झाली होती, घोटभर पाणी पोटात ठरत नव्हतं. खारं पाणी बंद करा, असं नर्सबाईनं बजावलं होतं. बंद करून प्यायचं काय, ते मात्र सांगितलं नव्हतं.

म्हणून पाणी तपासणारा साहेब आला, तेव्हा थुंकरीनं त्याला आधी एक घोट घ्यायला सुचवलं. साहेबानं विहिरीचं पाणी बाटलीत भरलं आणि पिशवीतलं विकतचं प्यायला.

निकाल घेऊन तो पुन्हा आला. ओट्यावर बसून सांगू लागला, की क्षार आहेत खरे, पण दुसरी सोय नसेल तर माणसाला चालतात. बागाईतदाराचा घेवडा मात्र नाजूक, या पाण्यानं जळून जाईल. तेव्हा घेवड्यासाठी गोड्या पाण्याचा टँकर मंजूर झालाय.

"म्हणजे घेवड्याला सोसत नाही ते माझ्या सुनेनं प्यायचं?"

"मावशी, नियम आहे."

"घेवड्याचा मामा बसलाय वाटतं वर."

टँकर आला. बागाईतदाराच्या मळ्यात वेल ढेकर देईस्तोवर प्यायले. थुंकरी घागर घेऊन गेली, तर ड्रायव्हर म्हणाला की आळ्याबाहेर थेंब सांडला तरी नोकरी जाईल. तिनं दोन वेलांमधल्या आळ्यात घागर ठेवली, पदर खोचून शेजारी उकिडवी बसली आणि एक वेल खांद्यावर घेतला.

"समज, मी घेवडा. ओत."

ड्रायव्हरनं मागंपुढं पाहिलं आणि पाइप वळवला.

त्या संध्याकाळी सून दोन पेले पाणी प्यायली, आणि ते पोटात राहिलं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला, तर वेलांपेक्षा बायाच जास्त. सगळ्या घागरी घेऊन आळ्यांत उकिडव्या. ड्रायव्हर डोकं खाजवत उभा.

"अरे, बघत काय बसलास?" थुंकरी म्हणाली. "पीक वाळतंय."