सखूबाईची हरकत

"हरकत हाय का नाई, एवढंच सांगा, सखूबाई. बाकी मी लिहितो."

शिपाई छपरीतल्या खाटेवर बसला होता. मांडीवर कागद, हातात पेन. सखू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. संत्र्याच्या शेडमधून कोणीतरी तिला बोलावून आणलं होतं, तशीच ती आली होती. हातांना संत्र्यांचा वास येत होता.

"मागच्या दोन्ही बाऱ्या तुम्ही हरकत लावली. म्हणून पोराले रजा नाई भेटली. आता हा तिसरा अर्ज हाय त्याचा. एकवीस दिवस. घरची जामीनदार पाहिजे, म्हणजे तुम्हीच." शिपायाने कागदावर बोट ठेवलं. "इथं इचारलं हाय, कैद्यापासून तुमच्या जिवाले धोका वाटते काय?"

सखूने पदराला हात पुसले. शेजारची कोकिळा कुंपणापलीकडे सूप घेऊन उभी होती. तिचा हातही थांबला होता.

"दोन दिवसांनी येतो," शिपाई उठला. "पण मंग सांगाच."

नऊ वर्षांपूर्वी याच छपरीत गोपालने आपल्या बापाला, गोमाजीला, चुलीतल्या लाकडाने मारलं होतं. गोपाल तेव्हा पंचवीस वर्षांचा. दारू पिऊन आलेला, आणि पुन्हा गाडी काढून आष्टीला निघालेला. गोमाजीने गाडीची चावी उचलून मुठीत धरली. "असा पिऊन नाई जायचं," एवढंच तो म्हणाला. दोन घाव बसले. दुसऱ्याची गरज नव्हती असं डॉक्टर कोर्टात म्हणाले. गोमाजीच्या मुठीतली चावी सखूनेच काढली. बोटं उघडायला फार वेळ लागला.

पाहणारं दुसरं कोणी नव्हतं. वर्ध्याच्या कोर्टात वकिलाने विचारलं, लाकूड कोणाच्या हातात होतं? सखूने सांगितलं, माह्या पोराच्या. गोपाल पिंजऱ्यात उभा राहून तिच्याकडे पाहत होता. ती नजर तिने घरी आणली आणि नऊ वर्षं सांभाळली.

त्यानंतर तिच्या घरी फारसं कोणी आलं नाही. मेलेलाही घरचाच, मारणाराही घरचाच. लोकांना कोणाच्या बाजूने रडावं ते कळेना. पाच वर्षांपूर्वी पौर्णिमा आली. वर्ध्याच्या एका संस्थेत ती काम करत होती. जेलात असलेल्या माणसांच्या घरी जायचं, कागदपत्रं करून द्यायची, बसायचं, ऐकायचं, हे तिचं काम. पहिल्या दोन वेळी सखूने तिला आत घेतलं नाही. तिसऱ्या वेळी पाणी दिलं. मग ती येत राहिली. सखूची निराधारची पेन्शन तिनेच करून दिली. गोपालचा विषय तिने स्वतःहून कधी काढला नाही.

शिपाई येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा आली.

"मावशी, तुम्ही नाही म्हणालात तरी ते बरोबरच आहे. कोणी तुम्हाला काही म्हणणार नाही. मी तर नाहीच."

"तू पायतं त्याले तठी. कसा हाय थो?"

"शांत असतो. सुतारकामात आहे." पौर्णिमा म्हणाली. "पण मी महिन्यातून दहा मिनिटं बघते, मावशी. घरात कसा असेल ते मी छातीठोक नाही सांगू शकत."

खोटी हमी दिली नाही म्हणून सखूला तिच्यावर जास्त भरवसा वाटला.

"मले एक सांग. थो कायमचा कधी सुटन?"

"अजून पाच-सहा वर्षांनी कधीतरी."

"तवा मले कोणी इचारन काय, हरकत हाय का म्हणून?"

"नाही, मावशी. तेव्हा नाही विचारणार."

सखूने पाण्याचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तवा मी अजून म्हातारी झालेली राहीन. त्यापरीस आताच पाहून घेतो. एकवीस दिवसांनी त्याले परत तरी जा लागते."

शिपाई परत आला तेव्हा सखूने हरकत नाही म्हणून सांगितलं. मुलीला, रूपाला, फोनवर हे कळलं तेव्हा ती ओरडलीच. रूपा सिंदी मेघेला नवऱ्यासोबत राहत होती. "माय, तू पागल झाली काय? तुह्याच साक्षीनं गेला थो! एवढे वर्स आत बसून काय इचार करत असन? तू इकडं निघून ये. थो जाईपर्यंत इथंच राह्य."

"घर त्याच्या ताब्यात देऊन मी काऊन पळू?"

"मंग मी नाई येणार तिकडं. सांगून ठेवतो."

"नको येऊ," सखू म्हणाली. तिने फोन ठेवला.

गोपाल येणार त्याच्या आदल्या दिवशी तिने कुऱ्हाड, विळा आणि भाजी चिरायची पावशी एका पोत्यात बांधली आणि कुंपणावरून कोकिळेच्या हातात दिली. कोकिळेने काही विचारलं नाही. घरात एक बोथट चाकू राहिला. त्याने कांदाही नीट चिरला जात नव्हता.

पौर्णिमाच त्याला नागपूरच्या जेलातून एसटीने घेऊन आली. गोपाल अंगणाच्या तोंडाशी उभा राहिला. केस अर्धे पांढरे झालेले, खांदे उतरलेले, हातात कापडी पिशवी. छपरीकडे त्याची नजर गेली आणि लगेच खाली आली. आत ये म्हणेपर्यंत तो आत आला नाही, आणि सखूच्या तोंडून ते एक अक्षर निघायला वेळ लागला.

"ये."

पौर्णिमा संध्याकाळपर्यंत थांबली. निघताना तिने आपला नंबर एका मोठ्या कागदावर लिहून भिंतीला चिकटवला. गोपालच्या देखत.

पहिले काही दिवस सखूला त्याच्या हालचालींचीच भीती वाटायची. तो उठला की ती उठायची. तो मात्र प्रत्येक गोष्ट विचारून करायचा. "माय, पाणी घेऊ काय?" "बाहेर जाऊ काय?" दिवस कलला की तो अंगणात येऊन उकिडवा बसायचा, गुडघ्यांवर हात ठेवून. कशाला बसतोस असं तिने दुसऱ्या दिवशी विचारलं. तो गोंधळला. "जेलातल्या गिनतीची येळ झाली ना," म्हणाला, आणि मग स्वतःच उठून उभा राहिला.

गावातली माणसं रस्त्यावरून जाताना पावलं उचलून जायची. दर दोन दिवसांनी त्याला ठाण्यात सही करायला जावं लागे. तो गेला की सखूला मोकळा श्वास यायचा, आणि यायला उशीर झाला की वेगळीच धास्ती वाटायची.

चौथ्या दिवशी ती छपरीत तांदूळ निवडत बसली असताना तो समोर येऊन उभा राहिला.

"माय, कुऱ्हाड कुठी हाय?"

सूप तिच्या मांडीवरून घसरलं. तांदूळ सांडले.

"कायले पाहिजे?"

"काम होतं."

"मोडली," ती म्हणाली. "दांडा मोडला. फेकून देल्ली."

गोपालने तिच्याकडे पाहिलं, मग सांडलेल्या तांदळाकडे. "बरं," म्हणाला आणि बाहेर गेला. कुंपणापाशी त्याचा आवाज आला. तो कोकिळेला कुऱ्हाड मागत होता. कोकिळेचा नवरा घरी नव्हता. सखूला ओरडून सांगायचं होतं, देऊ नको, पण ती सांडलेल्या तांदळातच बसून राहिली. घाबरलेल्या कोकिळेच्या हाताला जी सापडली ती तिने दिली.

गोपाल छपरीत परत आला. हातात कुऱ्हाड होती. तो दांड्यावरून अंगठा फिरवत होता. गोमाजीने बाभळीचा दांडा स्वतः घासून बसवला होता आणि टोकाला तारेचे दोन वेढे दिले होते. न ओळखण्यासारखं काही नव्हतं.

"ही आपलीच हाय," तो म्हणाला.

सखू भिंतीला टेकली. तिच्या आणि दाराच्या मध्ये तो होता. भिंतीवरचा नंबर तिला दिसत होता, पण फोन आतल्या खोलीत होता. तिने डोळे मिटले नाहीत. मिटावेसे वाटत होते, पण मिटले नाहीत.

गोपाल तसाच उभा राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू असा झाला, जसा लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचा. तो वळला आणि घरामागे गेला. थोड्या वेळाने लाकूड तासण्याचा आवाज येऊ लागला.

दुपार कलताना तो परत आला. हातात बाभळीचा एक जाड, सरळ दांडा होता, घासून गुळगुळीत केलेला. बाकीचं सामान त्याने कोकिळेकडूनच मागून आणलं असावं. आतल्या खोलीच्या दाराला आतून दोन्ही बाजूंनी त्याने लाकडी खोबण्या ठोकल्या. दांडा त्यांत बसवून पाहिला, काढला, पुन्हा घासला, पुन्हा बसवला. सखू अंगणात उभी राहून पाहत होती.

"इकडं ये, माय. लावून पाय. जड तर नाई जात?"

तिने बाहेरूनच नाही म्हणून मान हलवली. तो खोलीतून बाहेर आला आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. तेव्हा ती आत गेली. दार ओढलं, आगळ लावली. दार हललं नाही.

"बाहेरून दहा माणसं लोटतीन तरी नाई उघडणार," बाहेरून त्याचा आवाज आला. "झोपताना लावत जाजो. मी छपरीत झोपतो."

सखू आत उभी राहून रडली. का, ते तिला सांगता आलं नसतं. बाहेर आली तेव्हा तो कुंपणापाशी होता. "ठेवून घ्या तुमच्याचकडं," तो कोकिळेला कुऱ्हाड परत देत म्हणत होता. "मी जाईपर्यंत."

त्या दिवसापासून ती रोज आगळ लावून झोपली. एकही दिवस चुकवला नाही. त्यानेही सकाळी तिला त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. ती पुन्हा शेडमध्ये कामाला जाऊ लागली. बायका म्हणायच्या, "कसा हाय?" ती म्हणायची, "जेवते, झोपते." लहान-मोठी संत्री वेगळी करताना तिचा हात चालत राहायचा, आणि कधीकधी तासभर तिला काही आठवायचंही नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी गोपाल म्हणाला, "माय, बाजवळ नेतं का मले?"

गोमाजीला नाल्यापलीकडे पुरलं होतं. त्या दिवशी गोपाल ठाण्यात होता. जागा गावापासून लांब, सागाच्या झाडांत. तिथे या दिवसांत गुराख्याशिवाय कोणी फिरकत नाही. सखूने लगेच उत्तर दिलं नाही. लुगडं बदलायला म्हणून ती उठली आणि कुंपणाशी जाऊन कोकिळेला म्हणाली, "नाल्यापलीकडं चाललो आम्ही. दुपारपर्यंत नाई आलो तं कोणाले तरी पाठवजो."

त्याला तिने पुढे चालायला सांगितलं.

नाल्याला घोट्याएवढं पाणी होतं. पलीकडे गेल्यावर वाळलेल्या पानांतून दोघांच्या पावलांचा आवाज येऊ लागला. दुसरा कुठला आवाज नव्हता. एका जागी तिने त्याला थांबवलं.

"थो. दोन दगडाचा."

गोपाल दगडांपासून चार हात अंतरावरच बसला. जवळ गेला नाही. सखूने पिशवीतून तांदूळ काढून दगडापुढे ठेवले आणि गोमाजीशी गोंडीत चार शब्द बोलली. पोराला आणलं आहे, एवढंच सांगितलं. गोपालला ती भाषा लहानपणी येत होती. त्याला आता किती कळलं कोण जाणे.

दगडांकडे पाहतच तो बोलला. "कोर्टात मी तुह्या तोंडाकडं पाहून राह्यलो होतो. म्हटलं, माय हाय. खोटं बोलन. मी सुटीन."

सखूने पिशवी जवळ ओढली. "माह्या डोळ्यासमोर झालं थे," ती म्हणाली. "दुसरं काय सांगणार होतो?"

"तुह्यावरच राग धरला मी. बाले मारलं मी, अन् राग तुह्यावर. लय वर्सं होता."

"अन् आता?"

त्याने जमिनीवरचं एक वाळलेलं पान उचललं, बोटांत चुरलं.

"कमी हाय," तो म्हणाला. "गेला म्हणून खोटं नाई सांगत. कमी हाय."

वारा आला, सागाची पानं खडखडली. सखूने उडालेला पदर सावरला. मग म्हणाली, "मलेबी भेव हाय. इथं येतानीबी होतं. आताबी हाय."

"मालूम हाय मले."

"भेव जाईन का नाई, थे नाई सांगता येत."

"नको सांगू."

त्यानंतर तो दगडांकडे सरकला. भोवती वाढलेलं गवत हातांनी उपटू लागला. ती पाहत राहिली. ऊन डोक्यावर यायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "चाल. पुढं हो."

नाला ओलांडून दोघं पायवाटेला लागले. तो पुढे, ती दहा-बारा पावलं मागे. बोरीच्या झुडपांपाशी तिच्या चपलेतून काटा आत गेला. ती थांबली, एका पायावर वाकून काटा शोधू लागली. नजर आता चांगली राहिली नव्हती, काटा बारीक होता, आणि बोटांना लवकर सापडेना.

पुढची पावलंही थांबली होती. सखूने वर पाहिलं. गोपाल वाटेतच उभा होता. मागे वळला नव्हता. हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडून, तोंड गावाकडे करून तो तसाच उन्हात उभा राहिला. तिने काटा काढला, चप्पल पायात घातली. तिचं पहिलं पाऊल वाजलं, तेव्हा तो पुन्हा चालू लागला.