दत्तारामच्या गाडीची चाकं

हरिश्चंद्र सुर्वे बोटीवर इंजिनखात्यात होते, तेव्हा मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी दोन सीटची, उघड्या टपाची लाल विलायती गाडी घेतली होती. सगळी रत्नागिरी त्यांना आप्पा म्हणे. मुलगा दत्ताराम त्या गाडीत त्यांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायला शिकला. पुढे मुंबईला नोकरी लागल्यावर त्याने त्याच गाडीचं पुढचं मॉडेल शोधून काढलं. पांढरं. तेही जुनंच, पण आप्पांच्या गाडीपेक्षा बरंच तरुण. सुट्टीत तो ते घेऊन आला की बापलेक किल्ल्याच्या चढणीला एकमेकांच्या पुढेमागे गाड्या काढत आणि घरी आल्यावर दत्तारामच्या आईच्या, यमुनाबाईंच्या, शिव्या खात.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात दत्ताराम काविळीने गेला. त्याची बायको सावित्री सासूसासऱ्यांपाशीच राहिली आणि एका कचेरीत टायपिंगच्या कामाला लागली. पांढरी गाडी मागीलदारच्या शेडमध्ये लाल गाडीशेजारी उभी होती. रविवारी सावित्री ती ओल्या फडक्याने पुसायची.

लाल गाडी अलीकडे बाहेर निघत नव्हती. इंजिन ठणठणीत होतं, पण तारांच्या चाकांना खाऱ्या हवेने खाल्लं होतं आणि तसली चाकं आता कुठेच मिळत नव्हती. दत्तारामच्या तेराव्याला पंगत उठली, आप्पा हात धुवायला मागीलदारी गेले आणि त्यांची नजर शेडकडे गेली. मनात आलं, ही चाकं आपल्या गाडीला बसतील.

तांब्या तसाच हातात राहिला. पोराला जाऊन तेरा दिवस झाले नाहीत आणि आपण हे काय बघतोय? त्या दिवसापासून ते शेडकडे जाईनासे झाले. पण विचार काही गेला नाही. जेवताना, देवापुढे बसल्यावर, कुठेही यायचा.

दीड वर्षाने सावित्री भावाच्या लग्नाला माहेरी बुरोंडीला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी जॅक काढला.

यमुनाबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "ती घरात नाही बघून करताय होय?"

आप्पांनी जॅक पांढऱ्या गाडीखाली सरकवला. चाक मधल्या एकाच मोठ्या नटावर बसलेलं असतं. लाकडी हातोडीने तो ठोकला की सैल होतो. चाकं निघाली, लाल गाडीच्या दांड्यावर अलगद सरकली. नटांचे आटे मात्र वेगळे होते, म्हणून नट ज्या गाडीचे त्या गाडीलाच राहिले. नवी चाकं बोटभर लहान होती, त्यामुळे गाडी थोडी खाली बसली, तरणीताठी दिसायला लागली. पांढरी गाडी चार चिऱ्यांवर उभी होती. आप्पांनी तिच्यावर ताडपत्री टाकली आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. लाल गाडी त्यांनी फाटकापर्यंतसुद्धा नेली नाही.

सावित्री परत आली ती रविवारी. फडकं घेऊन शेडमध्ये गेली आणि तिने ताडपत्री उचलली. आप्पा पडवीत बसून होते. ती समोर येऊन उभी राहिली.

"मला विचारायचं होतंत, आप्पा."

"लावून देतो गो परत. आत्ताच लावतो."

"मी नाही म्हटलं असतं असं वाटलं तुम्हाला?"

"तसं नाही," आप्पा म्हणाले. "तेराव्याला मनात आलं माझ्या. लोक अजून जेवून हात पुसत होते आणि मी त्याच्या गाडीची चाकं बघत होतो. हे कुठल्या तोंडाने सांगू तुला?"

सावित्रीने फडकं पिळलं. मग पायरीवर बसली.

"त्यांना नेलं त्या संध्याकाळी शेजारच्या सोनूबाईंनी पेज आणली होती. सगळ्या बायका रडत होत्या. मी कोपऱ्यात तोंड फिरवून तीन वाट्या प्यायले. इतकी गोड लागली ती, आप्पा. अजून आठवलं की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं होतं."

यमुनाबाई आत चुलीपाशी नाक ओढत होत्या.

"चाकं राहू देत तुमच्या गाडीला," सावित्री म्हणाली. "पण त्यांची गाडी अशी चिऱ्यांवर नको. मला बघवत नाही. तुमची जुनी चाकं लावा तिला. उभी तर राहील."

दोघांनी मिळून ती लावली. सावित्रीने नट धरले, आप्पांनी ठोकले. गंजक्या, मोठ्या चाकांवर पांढरी गाडी उंच, जरा बावळट दिसत होती, पण चाकांवर होती.

त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "चला, मांडवीपर्यंत जाऊन येऊ." समुद्राकडच्या वळणावर लाल गाडीने रस्ता असा घट्ट धरला की आप्पांचा पाय आपसूक दाबला गेला आणि ते हसले. दीड वर्षात पहिल्यांदा. दुसऱ्याच क्षणी चाकं कुणाची ते आठवलं आणि त्यांनी पाय उचलला. गाडी सुस्तावली.

"का हळू केलीत?" सावित्रीने विचारलं.

आप्पांनी गिअर बदलला.

मांडवीला गंगुबाई कोळीण मासळीची पाटी घेऊन बसली होती. "आप्पा, चाकं नवी घातलात काय ओ?"

"दत्तारामची आहेत," आप्पा म्हणाले. गंगुबाईने वर बघितलं, बांगडे मोजले आणि वर दोन जास्त टाकले.

त्यानंतर रविवारी गाडी निघू लागली. रस्ता मोकळा मिळाला, गाडीने वेग घेतला, अंगातून जुनी लहर गेली, की आप्पांचा पाय वर यायचा. ते त्यांना पुढे कधीच सुटलं नाही. सावित्रीच्या ते ध्यानात यायचं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.