निळा संपतो तिथं

"वहिनी, तो स्कार्फ इकडे द्या."

"कड मुडपून झाली की देते."

"अहो, बाद मालाला कसली कड घालताय!"

मुकादम कात्री घेऊन उभा होता. बाद झालेला स्कार्फ या काठापासून त्या काठापर्यंत आडवा कापायचा, म्हणजे तो बाहेर विकला जात नाही. कारखान्याचा नियमच तसा.

निळा:

जुन्या जपानी लाकडी ठशांच्या चित्रांच्या धर्तीवरचं रेशीम. बर्फ, पूल, पुलावर छत्री घेतलेली बाई. एका रंगाला छपाईची एक फ्रेम. आभाळ वहिनींच्या नवऱ्याच्या हातचं. वर गडद, खाली विरत विरत जाणारं. तसा हात दुसऱ्या कुणाचा बसलाच नाही.

करडा:

पूल. हा कुणीही मारतो.

तांबडा:



ही फ्रेम राहिली. त्या दिवशी त्याच्या छातीत कळ येत होती, कुणाला बोलला नाही. शेवटच्या स्कार्फवर छत्रीचा रंग मारायचाच विसरला. बाई नुसता दांडा धरून बर्फात उभी. संध्याकाळी तो गेला.

"दादा कधी चुकला नव्हता हो," मुकादम म्हणाला. "पण अख्खा सोडला, तर माझी नोकरी जाईल."

"सोडा कुठं म्हणतेय? आणा ती कात्री. मीच कापते, तुम्ही वाकडं कापाल."

"द्या हो," शेजारची शिवणारी म्हणाली. "कात्री काही आम्ही खात नाही."

त्यानं दिली.

आजवर वहिनींच्या हातून फक्त कडा गेल्या होत्या. आज तिनं स्कार्फ टेबलावर पूर्ण पसरला. निळा संपेल तिथं कापायचं, आभाळ ठेवून घ्यायचं, एवढंच मनात होतं.

"अहो, तुमचा निळा संपतो तरी कुठं?" तिनं एकदा घरी विचारलं होतं.

"ते कळलं, तर मला कामावरून काढतील," तो हसला होता.

तिनं कात्री लावली. इथं? इथं निळा अजून आहे. थोडी खाली घेतली. बर्फातही होता, अगदी पुसट. पुलावर आली. बाईच्या पायांशी आली. आणखी खाली.

"वहिनी, मधोमध कापतात."

"नियमात मधोमध आहे?"

तो टेबलापासून बाजूला सरकला.

अगदी तळाशी, कडेला लागून, तिनं या काठापासून त्या काठापर्यंत कापलं.

मुकादमानं बोटभर रुंदीची पट्टी उचलली. अख्खं कापड असावं तशी दोन्ही हातांवर घेतली आणि बाद मालाच्या टोपलीकडे निघाला.

ती अजून अंगठ्यानं रेशीम चाचपत निळा शोधत होती. पुलाखालच्या पाण्यापर्यंत आली होती.